टाळीची आलोचना

मी आयुष्यात एकही सामना खेळलेले नाही. गाण्याचं म्हणाल तर मंदिरात पूजा चालू असताना चारजणींच्या सुरात सूर मिसळते, तेवढंच. आणि लिहिणं सुरू केलं ते चाळिशी उलटल्यावर. पण पाहणं, ऐकणं आणि वाचणं या तीन गोष्टी मी कळायला लागल्यापासून करत आले आहे. इतक्या नेमाने मी दुसरं काही केलं असेल तर ते म्हणजे सकाळचं दूध तापवणं!

माहेर सोलापूरचं. वडिलांच्या दुकानातला रेडिओ संध्याकाळी घरी यायचा आणि मुंबईत कसोटी सामना असला की त्या दिवसांत दुकानातच मुक्काम करायचा. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकायला मी दुपारचा डबा पोचवायचं काम आपण होऊन मागून घ्यायचे. १९८३ साली आपण विश्वचषक जिंकलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्या रात्री आळीतल्या एकाच घरी टीव्ही होता आणि त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दाराच्या उंबऱ्याशी उभी राहून अर्धा पडदा पाहिला. उरलेला अर्धा पुढे उभ्या असलेल्या काकांच्या पाठीत गेला.

१९९३ मध्ये लग्न होऊन हैदराबादला आले, हिमायतनगरात. बी.ए. झालेली सून, म्हणजे हिशेबाची वही नीट लिहील, अशी सासरची अपेक्षा होती. ती मी पुरी केली. पण या शहराने मला जे दिलं त्याची कल्पना सासरच्यांनाही नव्हती. घराच्या गच्चीवर उभं राहिलं की लालबहादूर स्टेडियमवरचा आरडाओरडा ऐकू यायचा. ८ नोव्हेंबर १९९९ ला सचिन आणि द्रविड यांनी न्यूझीलंडविरुद्ध ३३१ धावांची भागीदारी केली ती याच मैदानावर. दिवाळीतले दिवस, पाहुण्यांनी घर भरलेलं, मी स्वयंपाकघरात. खिडकीतून लाटेसारखा आवाज आला की चौकार कळायचा. षटकाराचा आवाज वेगळा, जरा लांबलेला. तिकडे इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय, तिथून आठवड्याला दोन पुस्तकं. आणि याच शहरात मालिनीताई राजूरकर राहत होत्या, हे कळलं तेव्हा मला आपण योग्य गावी पडलो असं वाटलं.

हे सगळं सांगायचं कारण मालिनीताईच आहेत. ६ सप्टेंबर २०२३ ला त्या गेल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहा जणी बसलो होतो. सगळ्या गाणं ऐकणाऱ्या, कुणी माझ्याहून जास्तच. बोलणं अर्थातच त्यांच्यावर आलं. एक म्हणाली, "किती साध्या होत्या नाही?" दुसरी म्हणाली, "एवढी मोठी बाई, पण साडी बघा, बोलणं बघा, कुठे म्हणून मिरवणं नाही." मीही मान डोलावली. मीही दोन वाक्यं साधेपणावरच बोलले. घरी आल्यावर भाजी निवडताना लक्षात आलं की तासभर आम्ही बोललो आणि गाण्याविषयी एक अक्षर नाही!

मग मी माझीच परीक्षा घेतली. तीस वर्षं ऐकते आहे ना मी, मग सांगता येतं का मला, त्या काय करायच्या?

त्यांचं नाव टप्प्याशी जोडलेलं. टप्पा हा प्रकार मुळात पंजाबकडच्या उंटवाल्यांच्या गाण्यातून आला असं सांगतात. अठराव्या शतकात लखनौच्या शोरी मियाँनी त्याला बैठकीत आणलं आणि पुढे ग्वाल्हेर घराण्याने तो जपला. ख्यालात गायक आधी राग उलगडत जातो, एकेक स्वर मांडतो, आपल्यालाही बसायला वेळ देतो. टप्प्यात ती सवलत नाही. पहिला शब्द उच्चारला की लगेच तान, आणि तीही सरळ धावणारी नव्हे. मुरड घेत, झटके देत, वळणावर वळण. गळ्याला कुठेही टेकायला जागा नसते. एवढं करून समेवर नेमकं यायचं, आणि शब्दही चुरगळू द्यायचा नाही. ज्यांचा गळा रोज त्या वाटेने जात नाही त्यांना हे जमत नाही. मालिनीताईंचा टप्पा ऐकताना मात्र आपल्याला कष्ट ऐकू येत नाहीत. दाणा न् दाणा सुटा भात असतो तशी ती तान. आपण म्हणतो, किती सहज! सहज कसलं? त्या अजमेरला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होत्या. तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली आणि गाण्याकडे वळल्या. गोविंदराव राजूरकर आणि त्यांचे पुतणे वसंतराव यांच्याकडे शिकल्या आणि वसंतरावांशीच लग्न झालं. मला नेहमी वाटतं, गणिताची शिक्षिका त्या तानेत शेवटपर्यंत होती. कुठून निघायचं, किती मात्रांत पोचायचं, मध्ये किती वळणं मावतील, याचा हिशेब इतका पक्का की ऐकणाऱ्याला हिशेब दिसतच नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या दिवशी तोंडातून काय निघालं, तर "साध्या होत्या."

कुणा मोठ्या गवय्याच्या जाण्यानंतर चार पुरुष बसले तर त्याच्या कपड्यांवर बोलतील का? बोललेच तर शेवटी, चहा झाल्यावर. आधी बोलतील त्याच्या मारव्यावर, त्याच्या दमसासावर. बाईच्या बाबतीत आपण आधी ती बाई म्हणून चांगली होती ना, याचा दाखला देतो. तो दिला की गाण्याचं कौतुक करायची परवानगी मिळाल्यासारखं वाटतं. आणि बऱ्याचदा दाखल्यावरच वेळ संपतो.

त्यानंतर मला खोडच लागली, आपण कुणाला काय शब्द वापरतो ते तपासायची. पहिली सापडली मिताली राज. आमच्या शहराची मुलगी म्हणून तिच्यावर माझा हक्क. १९९९ मध्ये सोळाव्या वर्षी पहिल्याच एकदिवसीय सामन्यात आयर्लंडविरुद्ध नाबाद ११४. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये टाँटनला कसोटीत २१४ धावा, तो तेव्हा बायकांच्या क्रिकेटमधला विश्वविक्रम होता. २०२२ मध्ये निवृत्त झाली तेव्हा एकदिवसीय सामन्यांत ७,८०५ धावा, सरासरी पन्नासच्या वर. आणि आम्ही तिला काय म्हणायचो? "शांत." २०१७ च्या विश्वचषकात फलंदाजीची वाट पाहत पॅड बांधून बसलेली असताना ती पुस्तक वाचत होती, रूमीचं. ते दृश्य टीव्हीवर दिसलं आणि सगळीकडे तिच्या शांतपणाचं कौतुक झालं. माझ्यासारख्या वाचणाऱ्या बाईला तर तो माझाच सन्मान वाटला. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "बघा, तुमच्यासारखीच आहे, जिथे तिथे पुस्तक!"

पण तिचा शांतपणा हा स्वभावाचा गुण होता की खेळाचा? मला वाटतं, खेळाचा. चेंडू पडल्यावर ती क्षणभर थांबायची. घाई करणारी बॅट चेंडूला भेटायला पुढे जाते, तिची बॅट चेंडू जवळ येऊ द्यायची. म्हणून कव्हरमधून मारलेला तिचा फटका जोराचा दिसायचा नाही, पण क्षेत्ररक्षक वळेपर्यंत चेंडू सीमेपार. टाँटनच्या त्या २१४ धावांना ४०७ चेंडू लागले. एकोणीस वर्षांच्या मुलीने ४०७ वेळा ठरवायचं, हा खेळायचा, हा सोडायचा. त्याला स्वभाव म्हणून कसं चालेल? ते काम आहे. आणि काम म्हटलं की त्यातलं कमीही दिसलं पाहिजे. पुढे खेळाचा वेग वाढला तेव्हा तिचा वेग कधी कधी पुरायचा नाही, हे मी तिची भक्त असूनही म्हणेन. वीस षटकांच्या सामन्यात ती खेळत असताना मी सोफ्याच्या कडेला सरकून "अगं मार की आता!" असं ओरडलेली आहे. पण तिला नुसतं 'शांत' म्हणणाऱ्यांना तिचा कव्हर ड्राइव्हही दिसला नाही आणि तिचा मंदावलेला वेगही. त्यांना फक्त एक चांगली मुलगी दिसली.

२३ जुलै २०१७, लॉर्ड्सवर अंतिम सामना, समोर इंग्लंड. २२९ करायच्या होत्या. ३ बाद १९१ होतो आपण. आमच्या हॉलमध्ये सासूबाईंनी माळ हातात धरली होती, पण मणी पुढे सरकत नव्हता. मग शेवटचे सात गडी २८ धावांत गेले आणि आपण नऊ धावांनी हरलो. मिताली त्याआधीच १७ वर धावबाद झाली होती. त्या रात्री सगळ्यांनी म्हटलं, मुलींनी मनं जिंकली. मलाही बरं वाटलं ते ऐकून. आज वाटतं, मनं जिंकली हे आपण पुरुषांच्या संघाला हरल्यावर म्हणतो का? त्यांना आपण विचारतो, त्या चेंडूवर तो फटका मारायची काय गरज होती? बायकांना तो प्रश्न विचारला नाही, हा मोठेपणा नव्हता. त्यांच्या हरण्याला आपण तेवढं मोजलंच नव्हतं.

तिसरं पुस्तक. सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि पु.लं.ची भक्त होते. त्या वयात कोण नव्हतं! पुस्तक वाचलं आणि मला राग आला. घरातलं असं बाहेर सांगायचं का? पु.लं.नी आम्हाला इतकं हसवलं, त्यांच्याविषयी असं? माझ्या आईने तर पन्नास पानांवर मिटून ठेवलं. म्हणाली, "एवढं केलं नवऱ्यासाठी, आणि शेवटी बोलून घालवलं." तिच्या मते सुनीताबाई त्यागी होत्या, आणि त्यागाची फोड करून दाखवली की त्याचं पुण्य जातं.

पुन्हा वाचलं ते चाळिशीत, ग्रंथसंग्रहालयातली जुनी प्रत, पानं सुटत आलेली. आणि पहिल्या वाचनात मी काय वाचलं होतं असा प्रश्न पडला. मी पु.लं.विषयीची तक्रार शोधत होते, तेवढीच मला सापडली होती. हे पुस्तक मुळात तक्रारीचं नाहीच. ते एका बाईने स्वतःला तपासण्याचं आहे. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली मुलगी, पुढे इतक्या मोठ्या लेखकाचा संसार आणि व्यवहार सांभाळणारी बाई, आणि बोरकर-मर्ढेकरांच्या कविता श्रोत्यांसमोर वाचणारी रसिक. या तिघी एकमेकींना जाब विचारतात. आठवणी सालावार नाहीत, एकीचा धागा धरून दुसरी येते, आपण भांडी घासताना मनात येतात तशा. स्वतःला ती कुठे सूट देत नाही. काही ठिकाणी इतकं तपासते की वाचणारा दमतो, हेही खरं. पण मराठीत असं गद्य फार थोड्यांनी लिहिलं आहे. आणि आम्ही दोन पिढ्या कशावर भांडलो? ती चांगली बायको होती की नाही यावर. तिची वाक्यं चांगली आहेत का, हे मला आठवतं तिथवर आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

साधी, शांत, त्यागी. तीन बायका, तीन कला, आणि आमच्याकडे हे तीन शब्द. यातला एकही शब्द वाईट नाही. आपल्या धर्मात तर हे गुण शिरोधार्य. पण गुणाची पूजा करताना कामाकडे पाठ फिरवली तर ती पूजा राहत नाही, टाळाटाळ होते.

आपल्याकडे सामायिकाच्या वेळी आलोचना पाठ म्हणतात. हैदराबादेत माझ्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणीला आलोचना म्हणजे टीका वाटते, दुसऱ्यावर केलेली. आपल्या पाठातली आलोचना स्वतःची असते, स्वतःच्या दोषांची. त्यात कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन शब्द येतात, लहानपणापासून तोंडपाठ. आपण केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेलं. हिशेब तिन्हींचा. संकल्प, तयारी आणि प्रत्यक्ष सुरुवात या तीन पायऱ्या, त्या मन, वचन, काया या तिघांनी, त्या या तीन प्रकारांनी, आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांपायी. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. मालिनीताईंना हा गुणाकार आवडला असता.

सांगायचं ते हे, की अनुमोदन ही फुकटची गोष्ट नाही. टाळी वाजवणारी बाई कोपऱ्यात बसलेली असली तरी हिशेबाबाहेर नसते. आम्ही रसिक लोक समजतो, खेळणारे खेळतात, गाणारे गातात, आपण नुसत्या टाळ्या. पण टाळी कशाला पडली, यावरून पुढच्या मुलीला कळतं की आपल्याकडून काय हवं आहे.

इथवर लिहून मी हा लेख संपवणार होते. त्याला झालं आता दीड-दोन वर्षं. तो तसाच पडून राहिला, कारण त्यात एक गोष्ट मी लिहिली नव्हती आणि ती न लिहिता तो खोटा वाटत होता.

माझी लेक बॅडमिंटन खेळायची. या शहरात त्या वर्षांत सगळ्याच मुली खेळायच्या. गोपीचंदने २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकलं होतं, पुढे सायनाचं नाव गाजायला लागलं. लेकीला आठव्या वर्षी मीच घातलं. पाच वर्षं ती खेळली. मग तेराव्या वर्षी सराव संध्याकाळचा झाला, घरी यायला आठ वाजायचे. आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही. शिवाय बाहेरगावच्या स्पर्धा, कुठे उतरायचं, काय खायचं, आणि दोन वर्षांनी दहावी. घरात कुजबुज सुरू झाली. मी एका रात्री तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "बघ बाई, तुला काय वाटतं?" ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "सोडते." दुसऱ्या दिवशी रॅकेट कपाटाच्या वर गेलं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. किती समजूतदार मुलगी! मीही केलं. पाहुण्यांसमोर केलं.

त्याच घरात माझा पुतण्या क्रिकेटच्या शिबिराला जायचा. त्यालाही यायला उशीर व्हायचा. त्याच्यासाठी मी दशम्या आणि चटणीचा डबा करून द्यायचे, म्हणजे दिवस मावळायच्या आत तो मैदानावरच खाऊन घेई. पाच वर्षं दिला तो डबा. धर्म आड आला नाही, कारण कुणी तो आड घातला नाही. तोच डबा लेकीला देता आला असता, हे मला सुचलं नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. सुचलं होतं. 'समजूतदार' हा शब्द त्याच्याहून सोपा होता.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. नवी मुंबईत विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसाने खेळ उशिरा सुरू झाला, म्हणजे संपायला मध्यरात्र होणार हे ठरलेलं. मी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही. तेव्हा शेफालीच्या ८७ धावा, आपल्या २९८, मग समोरून वोल्व्हार्टचं शतक, दीप्तीच्या पाच विकेट, हे सगळं कोरड्या घशाने पाहिलं. लेक पुण्यात असते, नोकरी करते. ती फोनवर, मी फोनवर, दोन्हीकडे टीव्ही चालू. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला आणि आम्ही दोघीही काही बोललो नाही, फक्त रडण्याचा आवाज दोन्ही बाजूंनी.

नंतर पडद्यावर अमोल मुझुमदार दिसला, संघाचा प्रशिक्षक. १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळी यांनी शाळेच्या सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताकडून खेळायला कधी मिळालं नाही. कारित, मी मनात म्हटलं. स्वतःला मिळालं नाही ते दुसऱ्याकडून करवून घेणारा. मग मुलींनी करंडक झूलन गोस्वामीच्या हातात दिला, मितालीच्या हातात दिला. मितालीने तो वर उचलला. दोन अंतिम सामने हरलेली कर्णधार. ज्या काळात संघाला आरक्षणाशिवाय रेल्वेने प्रवास करावा लागे, त्या काळापासूनची.

मी लेकीला म्हटलं, "बघ, किती शांत उभी आहे."

ती म्हणाली, "आई, ती शांत नाहीये गं. तिच्याकडे नीट बघ."

मी पाहिलं. खरंच, चेहऱ्यावर सगळं होतं. वीस-बावीस वर्षांचं. पुन्हा तोच शब्द मी वापरला होता, एवढं लिहून झाल्यावरही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी पण समजूतदार नव्हते, आई. मला वाटलं होतं, मी सोडते म्हटलं की तू म्हणशील, नको सोडूस. मी वाट बघितली होती."

मी गप्प. घसा कोरडा होताच. मग मी विचारलं, "चांगली खेळायचीस का गं तू?"

हा प्रश्न आईने विचारायचा असतो का? पण मला खरंच माहीत नव्हतं. पाच वर्षं मी तिला नेलं, आणलं, तिचे बूट पांढरे ठेवले. तिची शिस्त मला आठवत होती, कधी हरल्यावर रडली नाही हे आठवत होतं. मितालीचा पाय कुठे पडतो ते मी सांगू शकते. माझ्या लेकीचा बॅकहँड कसा होता, मला सांगता येईना. मी चांगली मुलगी पाहत होते. खेळ पाहत नव्हते.

ती हसली. म्हणाली, "ड्रॉप चांगला होता माझा. मागच्या कोपऱ्यातून असा टाकायचे, की समोरचीला वाटायचं स्मॅश येतोय, आणि शटल नेटला चाटून पलीकडे पडायचं. आमचे सर म्हणायचे, हा शिकवून येत नाही." आणि मग जरा थांबून, "बॅकहँड भंगार होता."

त्यानंतर मी डिसेंबरात पुण्याला गेले. ती रविवारी सकाळी तासाने भाडं देऊन कोर्टवर खेळते, ऑफिसातल्या चौघीजणी मिळून. मी बाकावर जाऊन बसले. पर्स मांडीवर, पाण्याची बाटली बाजूला, कारण दिवस होता. पहिल्यांदा मी तिच्या केसांकडे, घामाकडे, गुडघ्याच्या पट्टीकडे पाहिलं. आईचे डोळे आहेत, ते तिथे जाणारच. मग त्यांना ओढून शटलवर आणलं. तिसऱ्या गेममध्ये तो ड्रॉप आला. मागच्या कोपऱ्यातून, हात वर गेलेला, समोरची मागे सरकलेली, आणि शटल अगदी हळू, नेटच्या पट्टीला लागून, पलीकडे खाली. मी टाळी वाजवली. ती एकटीच होती बाकावर, चांगली मोठ्याने वाजली.

खेळ झाल्यावर ती टॉवेल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "कशी खेळले?"

मनात आलं होतं, छान खेळलीस बाळा म्हणावं. पण मी म्हटलं, "ड्रॉप फार सुंदर आहे. बॅकहँडला तुझा पाय उशिरा जातो. आणि गेम जिंकत आल्यावर तू सोपं खेळायला लागतेस."

तिने टॉवेलमधून तोंड बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. "आई, तू खरंच बघत होतीस," म्हणाली.